मूळ मेगा ड्राइव्हवर ‘लँडस्टॉकर’ पुन्हा खेळताना: सेव्ह टिकत नाही, उड्या चुकतात

माळ्यावरचा_पेटारा (प्रतापनगर, नागपूर)

नमस्कार मंडळी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कुलर खाली काढण्यासाठी माळ्यावर चढलो, तेव्हा कुलरच्या मागे गोणपाटात गुंडाळलेले एक खोके हाताला लागले. माझ्या मामांनी १९९४ साली मस्कतहून आणलेला सेगा मेगा ड्राइव्ह (टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र) त्यात होता. पहिल्या आवृत्तीचा, म्हणजे पुढच्या बाजूला हेडफोनची खाच आणि आवाज कमीजास्त करण्याची सरकपट्टी असलेला. सोबत दोन पॅड आणि चार कॅसेटी होत्या. (आमच्या गल्लीत ‘कार्ट्रिज’ हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, म्हणून मी कॅसेटच लिहितो.) त्या चारांपैकी एक ‘लँडस्टॉकर’ आहे आणि माझा प्रश्न तिच्याविषयी आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्लायमॅक्स एंटरटेनमेंट या जपानी संस्थेने तो तयार केला आणि सेगाने १९९२ मध्ये जपानात व १९९३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. नायजेल नावाचा खजिन्याच्या शोधात फिरणारा तरुण आणि फ्रायडे नावाची बोटभर परी मर्केटर बेटावर किंग नोलचा खजिना शोधत फिरतात, एवढेच कथानक. सगळे जग तिरप्या कोनातून दिसते, म्हणजे डोंगर, तळघरे, गावातल्या घरांची छपरे यांना खरीखुरी उंची आहे आणि त्या उंचीवर उड्या मारतच पुढे जावे लागते. त्याच काळात निन्टेन्डोच्या ‘झेल्डा’चे नाव सर्वतोमुखी झाले, हा खेळ मात्र त्याच्या सावलीत राहिला. आपल्याकडे तर तो पोचलाच नाही म्हटले तरी चालेल, कारण आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल असलेला टीव्ही गेम आणि ‘९९९९ इन वन’ची पिवळी कॅसेट असे. मेगा ड्राइव्ह आमच्या गल्लीत एकच होता आणि ‘लँडस्टॉकर’बद्दल विचारावे असे दुसरे घर नव्हते.

मी आठवीत असताना ‘ग्रीनमेझ’ नावाच्या झाडांच्या भुलभुलैयापर्यंत पोचलो होतो आणि तिथेच अडकलो. इंग्रजी संवाद अर्धेमुर्धे कळत, त्यामुळे कुणी काय सांगितले होते हे दुसऱ्या दिवशी आठवत नसे. पुढे दहावी आली, यंत्र माळ्यावर गेले, आणि हा खेळ अर्धवट राहिल्याची रुखरुख मात्र तीस वर्षे मनातून गेली नाही. आता तो पूर्ण करायचा आहे आणि याच यंत्रावर करायचा आहे.

अडचणी पुढीलप्रमाणे आहेत. खेळातल्या चर्चमधल्या पाद्र्याकडे जाऊन खेळ सेव्ह केला आणि यंत्र बंद केले की दुसऱ्या दिवशी सेव्हची जागा रिकामी असते. अ‍ॅडाप्टरची वायर मानेशी पिचली असून ती एका विशिष्ट कोनात वाकवून धरली तरच लाल दिवा लागतो. बाजारात ‘नऊ व्होल्टचा कुठलाही चालेल’ असे मला सांगण्यात आले, पण धीर झालेला नाही. तिसरी अडचण मला सर्वांत जास्त छळते आहे. घरच्या नव्या एलईडी टीव्हीवर नायजेलच्या उड्या मला साधतच नाहीत. ज्या उड्या तेरा वर्षांचा असताना मी न पाहता मारत होतो, त्याच ठिकाणी आता आठ-आठ वेळा खाली पडतो आहे. वयामुळे हात मंदावले असतील असे वाटले होते, पण माझी आठवीतली मुलगीही त्याच जागी तशीच पडते आहे.

मूळ यंत्रावरच खेळण्याचा आग्रह धरावा की सोडावा, आणि धरायचा असेल तर सुरुवात कुठून करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तपासमीटर (नंदनवन, नागपूर)

आपल्या अडचणींपैकी अ‍ॅडाप्टरची अडचण सर्वांत आधी सोडवावी लागेल, आणि ती सुटेपर्यंत यंत्र चालू करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात हयात घालवली आहे आणि चुकीच्या अ‍ॅडाप्टरने गेलेली यंत्रे दुरुस्तीला आलेली पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या आवृत्तीच्या मेगा ड्राइव्हला नऊ ते दहा व्होल्ट डीसी आणि १.२ अ‍ॅम्पियरचा अ‍ॅडाप्टर लागतो. त्याच्या गोल पिनेत मधला भाग ऋण आणि बाहेरचा भाग धन असतो. सीताबर्डीच्या मोदी नंबर तीन या गल्लीत किंवा इतर कुठेही आज जे साधे अ‍ॅडाप्टर मिळतात, त्यांतल्या बहुतेकांत याच्या बरोबर उलटे असते, मधला भाग धन असतो. त्यामुळे ‘नऊ व्होल्टचा कुठलाही चालेल’ हा सल्ला या यंत्रासाठी धोक्याचा आहे. (गोंधळ असा की सेगाने दुसऱ्या आवृत्तीत स्वतःच पिनेची रचना बदलली. तिथे मध्य धन आहे, ८५० मिलिअँपियर पुरतात आणि पिनही वेगळ्या मापाची आहे. दुकानदाराला ‘मेगा ड्राइव्हचा’ एवढेच सांगणे म्हणूनच पुरेसे नाही.) नवा अ‍ॅडाप्टर आणल्यावर यंत्रात घालण्यापूर्वी मल्टिमीटरची लाल सुई पिनेच्या आतल्या भोकात आणि काळी सुई बाहेरच्या कड्याला लावावी. आकड्याच्या आधी उणे चिन्ह दिसले तर तो अ‍ॅडाप्टर आपल्या यंत्रासाठी योग्य आहे. उणे चिन्ह दिसले नाही तर तो बाजूला ठेवावा, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो.

यंत्राच्या आत ७८०५ जातीचे रेग्युलेटर येणाऱ्या नऊ-दहा व्होल्टांचे पाच व्होल्ट करतात आणि उरलेल्या व्होल्टांची उष्णता होते. ती उष्णता एका धातूच्या पट्टीतून बाहेर टाकली जाते. डिसेंबरात याची कुणाला जाणीवही होणार नाही, परंतु आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असतात, तेव्हा यंत्रावर विणलेला रुमाल टाकणे किंवा ते शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवून खेळणे टाळावे. कुलरच्या थेट झोतातही ठेवू नये. वाळ्यातून येणारी हवा थंड असली तरी ओली असते, आणि कॅसेटच्या खाचेतल्या धातूच्या पट्ट्या त्या ओलाव्याने काळवंडतात. लहानपणी आपण सगळेच कॅसेटमध्ये फुंकर मारत होतो; त्या फुंकरीतही हाच ओलावा असतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कॅसेटच्या पट्ट्या एका दिशेने हलक्या हाताने पुसाव्यात. काडी काळी निघेल. ती पांढरी निघेपर्यंत काड्या बदलत पुसावे आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावावी.

आता सेव्हविषयी. ‘लँडस्टॉकर’ची कॅसेट आपली नोंद स्थिर रॅम जातीच्या एका छोट्या चिपमध्ये ठेवते. ही चिप वीज असेपर्यंतच लक्षात ठेवते, म्हणून यंत्र बंद असतानाही तिला तगवून ठेवण्यासाठी कॅसेटच्या आत तीन व्होल्टची एक नाणेवजा लिथियम बॅटरी डाखलेली (सोल्डर केलेली) असते. आपली कॅसेट तीस वर्षांची आहे आणि बॅटरी संपलेली आहे, एवढाच याचा अर्थ. खेळ स्वतः ज्या रॉममध्ये (कायमस्वरूपी नोंदीच्या चिपमध्ये) आहे तिला बॅटरीची गरज नाही, त्यामुळे खेळ सुखरूप आहे.

कॅसेटचे स्क्रू नेहमीच्या पेचकसाने निघत नाहीत, त्यांना ३.८ मिलिमीटरचा खास नळीसारखा पाना लागतो; तो ऑनलाइन सहज मिळतो. कॅसेट उघडल्यावर बॅटरीवरचा क्रमांक वाचावा आणि त्याच क्रमांकाची, पण दोन्ही बाजूंना पत्र्याचे पाय आधीच जोडलेली बॅटरी आणावी. साध्या बॅटरीला घरी डाख लावण्याचा प्रयत्न कुणीही करू नये. लिथियमची गोळी तापली तर फुटते आणि ती डोळ्यांच्या पातळीवरच फुटते. जुनी काढताना धन बाजू कोणती हे कागदावर लिहून ठेवावे. बोर्डावरच्या डाखेवर कथील वितळेपर्यंत दोन-तीन सेकंद टोक टेकवावे, पाय सुटला की थांबावे, थंड होऊ द्यावे आणि मग दुसऱ्या पायाकडे वळावे. घाई केली तर बोर्डावरची तांब्याची रेघ उखडते आणि ती पुन्हा बसवणे जिकिरीचे असते. बॅटरी बदलल्यावर पहिल्यांदा सेव्हची जागा रिकामीच दिसेल, त्याने घाबरून जाऊ नये. एकदा सेव्ह करावे, यंत्र बंद करावे, कॅसेट काढून रात्रभर बाहेर ठेवावी आणि सकाळी पाहावे.

आपल्याला हातात डाखणी धरण्याची सवय नसेल तर हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. नंदनवनात आलात तर मी माझ्या टेबलावर करून देईन.

आलेखवही (धरमपेठ, नागपूर)

हा धागा पाहून मला किती आनंद झाला हे शब्दांत सांगणे अवघड आहे. या खेळाविषयी मराठीत कुणी प्रश्न विचारील अशी मी आशाच सोडली होती. मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आलेखन शिकवते, आणि आपल्या तिसऱ्या अडचणीचे अर्धे उत्तर टीव्हीत व अर्धे आलेखनात आहे असे मला वाटते.

टीव्हीचा भाग आधी. जुन्या काचेच्या, म्हणजे चित्रनळीच्या, टीव्हीत यंत्राकडून येणारी प्रत्येक रेघ आल्याबरोबर पडद्यावर उमटत असे. नवा टीव्ही तसे करत नाही; तो अख्खे चित्र साठवतो, मोठे करतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. मेगा ड्राइव्हचे चित्र एकाआड एक रेघांचे नसते, ते दर वेळी पूर्ण येते. तथापि बरेच नवे टीव्ही त्याला एकाआड एक रेघांचे समजून दोन चित्रे मिसळतात आणि आणखी वेळ लावतात. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० चित्रे असतात, म्हणजे एका चित्राला २० मिलिसेकंद. टीव्हीने तीन चित्रांचा उशीर केला तर बटण दाबल्यावर नायजेल ६० मिलिसेकंद उशिरा उडताना दिसतो. गप्पांच्या, कोड्यांच्या खेळात हे जाणवणार नाही. येथे मात्र हलत्या फळीच्या कडेवरून उडी मारायची असते, आणि साठ मिलिसेकंदांत ती कड पायाखालून निघून जाते. आपली मुलगीही त्याच जागी पडते, यावरून दोष हातांचा नाही हे उघड आहे. टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर तो लावून पाहावा, तथापि खरा उपाय म्हणजे काचेचा टीव्ही मिळवणे. ते शक्य नसेल तर जुन्या यंत्रांसाठी बनवलेला, चित्र न साठवता रेघेमागून रेघ दुप्पट करणारा ओएसएससीसारखा परिवर्तक घ्यावा.

आता आलेखनाचा भाग, जो मला अधिक जवळचा आहे. या खेळातल्या तिरप्या चित्रणाला आपण सैलपणे ‘आयसोमेट्रिक’ म्हणतो. खऱ्या आयसोमेट्रिक आलेखनात रेषा क्षितिजाशी तीस अंशांचा कोन करतात. ठिपक्यांच्या पडद्यावर तीस अंशांची रेघ दातेरी दिसते, म्हणून अशा खेळांचे चित्रकार दोन ठिपके आडवे आणि एक ठिपका उभा अशी रेघ काढत. तिचा कोन सुमारे साडेसव्वीस अंश भरतो आणि ती स्वच्छ दिसते. या पद्धतीत दूरची वस्तू लहान होत नाही. चित्र नीटस दिसते ते त्यामुळेच, आणि फसवते तेही त्यामुळेच. वस्तू मागे सरकली तरी पडद्यावर वर जाते आणि उंच झाली तरी पडद्यावर वरच जाते. म्हणून जवळची उंच फळी आणि दूरची ठेंगणी फळी पडद्यावर नेमक्या एकाच ठिकाणी दिसू शकतात. इतर खेळांत पात्राखाली पडणारी सावली हा पेच सोडवते. ‘लँडस्टॉकर’मध्ये हवेतल्या फळ्यांना सावली नाही आणि उडी मारणाऱ्या नायजेललाही नाही. या एका गोष्टीमुळे अनेकांनी या खेळाला अन्यायी ठरवून सोडून दिले, आणि माझ्या मते तो दुर्लक्षित राहण्याचे हे मोठे कारण आहे.

मी या मताशी सहमत नाही. सावली नसली तरी खेळ पुरावे देतो, ते कुठे शोधायचे हे शिकावे लागते. सर्वांत खात्रीचा पुरावा झाकण्याचा. नायजेलला फळीच्या रेषेत नेऊन जागच्या जागी उडी मारावी. फळीने त्याला झाकले तर फळी त्याच्या पुढे आहे. त्याने फळीला झाकले तर ती मागे आहे. दुसरा पुरावा भिंतीचा. फळी भिंतीला कुठे टेकते ते पाहावे आणि भिंतीवरच्या विटांच्या ओळी मोजाव्यात, म्हणजे उंची कळते. आणि नायजेलच्या उडीची उंची नेहमी सारखीच असते. ती एकदा डोळ्यांत बसली की ‘ही फळी इतकी उंच असू शकत नाही, म्हणजे ती दूर असली पाहिजे’ असे अनुमान आपोआप होऊ लागते. एकेका खोलीत पाच-पाच मिनिटे उभे राहून असे पुरावे गोळा करणे हाच मला या खेळातला खरा रस वाटतो. खजिना शोधणारा माणूस असाच उभा राहून पाहील.

१९९८ च्या सुमारास माझ्या भावाच्या मित्राकडून ही कॅसेट आठवड्याभरासाठी आमच्याकडे आली होती. तेव्हा मी स्वतः अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होते आणि आयसोमेट्रिक आलेख कागदाची वही घरात होती. ग्रीनमेझमध्ये झाडांच्या शेंड्यांमागे नायजेल दिसेनासा होतो. मी त्या वहीवर एकेक वळण पेन्सिलीने काढत गेले, आणि वाट सापडली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. साध्या चौकोनी आलेख कागदावर हा नकाशा काढता येत नाही, कारण उंची कुठे दाखवायची हा प्रश्न उरतो. तिरप्या कागदावर तो प्रश्नच येत नाही. आपल्या मुलीला एक तिरपा आलेख कागद जरूर आणून द्यावा.

पॅडविषयी एक सांगायचे राहिले. या खेळात सगळे चालणे तिरपे आहे, म्हणजे अंगठ्याने सतत कोपऱ्यातल्या दिशा दाबाव्या लागतात. मेगा ड्राइव्हच्या पॅडवरची दिशांची चकती गोल आहे, त्यामुळे अंगठा न उचलता एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नुसता कलवता येतो. संगणकाच्या कीबोर्डवर त्यासाठी दर वेळी दोन कळा एकदम दाबाव्या लागतात आणि त्यांतली एक क्षणभर आधी सुटली की नायजेल कडेवरून घसरतो. मी दोन्ही प्रकारे खेळून पाहिले आहे, म्हणून मूळ यंत्राचा आपला आग्रह मला योग्य वाटतो. हा खेळ त्या चकतीसाठी आणि त्या काचेसाठी घडवलेला आहे.

मिहान_रात्रपाळी (नागपूर)

वरचे सर्व प्रतिसाद अत्यंत माहितीपूर्ण आहेत, तरी एक वेगळी बाजू नम्रपणे मांडतो. ज्यांच्या घरी मामांनी मस्कतहून यंत्र आणले नव्हते त्यांचे काय? शॉ वॉलेसने १९९५ मध्ये भारतात सेगाची यंत्रे अधिकृतपणे विकायला सुरुवात केली खरी, तथापि ती आमच्यासारख्या घरांच्या आवाक्यात नव्हती. माझा जन्मही त्यानंतरचा. मी हा खेळ पहिल्यांदा संगणकावर खेळलो आणि तो मला तिथेही मनापासून आवडला. सेगाने २०१९ मध्ये काढलेल्या मेगा ड्राइव्ह मिनी या छोट्या यंत्रातही तो आहे आणि त्याला एचडीएमआयची वायर थेट लागते. कॅसेटची बॅटरी, नऊ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर, काच यांपैकी काहीच लागत नाही. मूळ यंत्रे दर वर्षी कमी होत जाणार आहेत. खेळ जिवंत राहायचा असेल तर तो त्यांच्याबाहेरही खेळला गेला पाहिजे.

आलेखवही (धरमपेठ, नागपूर)

आपला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि ज्यांच्याकडे मूळ यंत्र नाही त्यांनी मिनीवर हा खेळ जरूर खेळावा. फक्त एक विनंती आहे. अशा यंत्रांवर आणि संगणकावर खेळ कुठल्याही क्षणी गोठवून ठेवता येतो, ती सोय या खेळात वापरू नये. प्रत्येक उडीआधी खेळ गोठवला की पुरावे पाहण्याची गरजच संपते. उडी मारायची, पडलो तर मागे जायचे, एवढेच उरते. मूळ खेळात पडलो की दोन मजले खाली जाऊन पुन्हा चढून यावे लागते, आणि त्या दुसऱ्या चढाईत ती खोली आपल्याला खरी कळते. शिवाय ‘एकेके’ या खेळातल्या औषधी वनस्पतीचा साठा जवळ असेल तर नायजेलचा जीव संपला तरी फ्रायडे त्याला उठवते, म्हणजे खेळाने आपली सोय आधीच केलेली आहे. सेव्ह पाद्र्याकडे जाऊनच करावे.

तपासमीटर (नंदनवन, नागपूर)

ताईंनी काचेच्या टीव्हीचा उल्लेख केला म्हणून सुरक्षेची एक सूचना देणे माझे कर्तव्य आहे. कबाडीवाल्याकडून असा टीव्ही आणला आणि चित्र नीट आले नाही तरी त्याचे मागचे झाकण कुणीही स्वतः उघडू नये. वीज काढून टाकल्यावरही चित्रनळीत हजारो व्होल्टांचा साठा बराच काळ राहतो. टीव्हीच्या मागे आरएफ (अँटेनाची खाच) आणि एव्ही असे दोन्ही पर्याय असतील तर एव्ही वापरावा, चित्र स्पष्ट येते.

आणखी एक सुचवतो. पहिल्या आवृत्तीच्या यंत्रात मागच्या खाचेतून आवाज एकेरी येतो. दुहेरी आवाज केवळ पुढच्या हेडफोनच्या खाचेतून मिळतो. त्या खाचेतून एक वायर काढून छोट्या स्पीकरना जोडावी. मोतोआकी ताकेनोउची यांचे या खेळाचे संगीत यामाहाच्या वायएम २६१२ या चिपवर वाजते, आणि डावा-उजवा आवाज वेगळा झाला की लहानपणी ऐकलेल्या त्याच चाली नव्याने उलगडतात. आपल्या यंत्रावर ती सरकपट्टी आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

माळ्यावरचा_पेटारा (प्रतापनगर, नागपूर)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या दिवसांनी लिहीत आहे, कारण सांगितलेले सगळे करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

एप्रिलच्या शेवटी नंदनवनात सरांच्या टेबलावर कॅसेट उघडली. बॅटरीवर मीटर लावले तेव्हा अर्धा व्होल्टही भरला नाही. सरांनी माझ्या मुलीच्या हातात मीटर दिले आणि नव्या अ‍ॅडाप्टरची पिन तिलाच तपासायला सांगितली. मी विकत आणलेल्या पहिल्या अ‍ॅडाप्टरवर उणे चिन्ह आले नाही, म्हणून तो परत केला आणि दुसरा आणला. ती आता घरातला प्रत्येक अ‍ॅडाप्टर तपासते आहे.

काचेचा टीव्ही मिळायला वेळ लागला. शेवटी आमच्याच गल्लीतल्या एका आजींनी त्यांच्याकडे न वापरता पडून असलेला एकवीस इंची टीव्ही दिला. त्याला एव्हीची खाच आहे. तो लावून पहिल्यांदा खेळलो त्या संध्याकाळी मी सुरुवातीच्या उड्या एकदाही न पडता पार केल्या. अंगठ्याला ती लय आठवत होती. तीस वर्षांत ती मला स्वतःहून एकदाही आठवली नव्हती, पण पडदा वेळेवर उत्तर देऊ लागला आणि अंगठा आपोआप कलू लागला. स्पीकरही सरांनी सांगितल्याप्रमाणे पुढच्या खाचेला जोडले आहेत.

मिहानमधल्या मित्रालाही सांगतो, आपला मुद्दा मनावर घेतला आहे. माझ्या पुण्याच्या मावसभावाने मिनी यंत्र घेतले असून तो तिकडे आणि आम्ही इकडे एकाच वेळी खेळतो आणि रात्री फोनवर कोण कुठपर्यंत आले ते बोलतो. पाद्र्याकडेच सेव्ह करायचे, ही अट त्यानेही मान्य केली आहे.

नवतपा संपता संपता पहिले वादळ आले त्या रात्री आम्ही दलदलीतल्या मंदिरात होतो. मुलीने ताईंनी सांगितलेली झाकण्याची युक्ती वापरून सलग तीन फळ्या पार केल्या, बाहेर पडून आम्ही गावात परतलो, सेव्ह केले आणि पाचच मिनिटांत वीज गेली. रात्रभर आलीच नाही. कॅसेट मी खाचेतून काढून कपाटात ठेवली. सकाळी सहाला वीज आल्याचा आवाज ऐकून मुलगी माझ्याआधी उठली आणि तिनेच ती लावली. सेव्ह जागेवर होता.

काल आम्ही ग्रीनमेझच्या तोंडाशी पोचलो आहोत. तिरप्या आलेख कागदाच्या दोन वह्या आणल्या असून पहिल्या पानावर सध्या फक्त प्रवेशद्वार आणि दोन वळणे काढली आहेत. ताई, आपल्या जुन्या वहीतले ते पान अजून जपून ठेवलेले असेल तर ते आत्ताच इथे टाकू नये. आम्ही बाहेर पडलो की मी कळवीन, मग दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहू.